बेपत्ता नवऱ्याचा वर्तणुकीचा दाखला

मी कुवेतमध्ये वकिली करत होते असं सांगितलं की माणसं जरा दबतात. मी त्यांना थोडा वेळ दबलेलं राहू देते, मग खरं काय ते सांगते. तिथल्या न्यायालयात उभं राहायचा आम्हा परदेश्यांना अधिकार नव्हता. नाशिकला कमावलेली माझी सनद नोकरी धरल्यामुळे नियमाप्रमाणे स्थगित होती. एका कुवेती वकिलाच्या ऑफिसात बसून मी कंत्राटांची भाषा दुरुस्त करायचे. वकिलाला तिकडे ‘उस्ताद’ म्हणतात. आमचे उस्ताद अरबीत मसुदा सांगायचे, इजिप्शियन कारकून त्याचं इंग्रजी करायचा, आणि त्या इंग्रजीचं इंग्रजी करणं हे माझं काम.

दुपारी सगळं शहर झोपायचं आणि संध्याकाळी ऑफिसं पुन्हा उघडायची. तेव्हा माझ्याकडे आपली माणसं यायची. कुणाला प्रतिज्ञापत्र हवं असे, कुणाला मुखत्यारपत्र. मी मसुदा करून द्यायचे, ते भारताच्या वकिलातीत जाऊन शिक्का आणायचे. शुऐब्याच्या कारखानी भागातल्या एका इंजिनिअरला धाकट्या भावाच्या नावे मुखत्यारपत्र हवं होतं. भावाने गावोगाव जाऊन याच्यासाठी मुली पाहायच्या, आणि ‘पसंत अथवा नापसंत करण्याचे सर्वाधिकार’ असं कलम घालायचं. मी घातलं. भावाने ते अधिकार इतके मनावर घेतले की मुलगी पसंत करून तिच्याशी लग्नही स्वतःच केलं. इंजिनिअर मुखत्यारपत्र रद्द करायला आला तेव्हा फी घ्यायचं माझ्या जिवावर आलं. घेतली, पण जिवावर आलं.

सुहास दातार आले ते नव्वद सालचा गुढीपाडवा झाल्यावर. फिंतासमध्ये आमच्याच वस्तीत, दोन इमारती सोडून ते एकटे राहत. शुऐब्याच्या एका कंपनीत कंत्राटांच्या खात्यात नोकरी, गोड गळा, पांढरा स्वच्छ झब्बा. तिथल्या मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम त्यांच्या भावगीताशिवाय उघडत नसे आणि त्यांच्या भाषणाशिवाय मिटत नसे. त्या पाडव्याला ते ‘परदेशातली कुटुंबव्यवस्था’ या विषयावर बोलले होते. बायकांनी डोळे पुसले होते. मीही पुसले असतील, आता आठवत नाही.

“वहिनी, एक छोटंसं काम होतं,” चहाचा छोटा ग्लास उचलत ते म्हणाले. “एलएल. बी. करून ठेवलंय मी, तुम्हाला माहितीच आहे. आता इथली नोकरी पुरे. मुंबईला सनद घ्यायची आणि प्रॅक्टिस सुरू करायची. ऑगस्टमध्ये सुट्टीवर जातोय, तेव्हा अर्ज देऊन टाकतो. चांगल्या वर्तणुकीचे दोन दाखले लागतात. एक मुंबईचा मिळाला. पण गेली काही वर्षं मी इथे, म्हणून दुसरा इथल्या कुणा जबाबदार माणसाचा. तुमच्याइतकं जबाबदार कोण आहे?”

बाहेरच्यांसाठी सांगते. कायद्याची पदवी मिळाली म्हणजे माणूस वकील होत नाही. वकिलांच्या परिषदेकडे अर्ज करावा लागतो. आपल्यावर खटले आहेत का, न्यायालयाचे काही आदेश आहेत का, हे त्यात खरं खरं सांगावं लागतं. आपण सज्जन आहोत असं दोघांनी लिहून द्यावं लागतं. सज्जनपणा असा दोन सह्यांत सिद्ध होतो, आणि मग उरलेलं आयुष्य तो पुन्हा कुणी तपासत नाही.

“भरलेला अर्ज आणा,” मी म्हटलं. “तो पाहिल्याशिवाय मी दाखल्यावर सही करत नाही. सवय आहे.”

“अहो, माझ्यावर कसले खटले असणार!” ते हसले. आठवड्याभरात अर्ज आणून दिला. खटल्यांच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं. कामाचा ढीग होता, म्हणून मी तो बाजूला ठेवला.

त्याच सुमारास वैशाली शिंदे आली. सरकारी हॉस्पिटलात नर्स, नाशिककडची, तिशी ओलांडलेली. येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

“ताई, मुलीचा पासपोर्ट काढायचाय. मंजिरी, चौथीत आहे. माझ्या भावाकडे असते. भावजयीला आता तिसरं मूल झालंय. किती दिवस त्यांच्यावर टाकू? हॉस्पिटल व्हिसा द्यायला तयार आहे. पण पासपोर्टच्या अर्जावर वडिलांची सही पाहिजे म्हणतात.”

“मग घ्या ना सही.”

“ते बेपत्ता आहेत. तसं प्रतिज्ञापत्र दिलं तर चालेल म्हणाले.”

मी पेन उघडलं. लग्न, मुलीचा जन्म, नवरा सोडून गेला ते साल. मुलीसाठी नाशिकच्या कोर्टाने पोटगी मंजूर केली होती. नवरा एकाही तारखेला आला नाही म्हणून आदेश एकतर्फी झाला, आणि पोटगीचा एक रुपयाही कधी आला नाही. नोटिशी परत यायच्या. कुणी म्हणे मस्कत, कुणी म्हणे मुंबई.

“नवऱ्याचं पूर्ण नाव?”

“सुहास मोरेश्वर दातार.”

मी पेन बंद केलं. माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूला तेच नाव, तेच मधलं नाव, सुवाच्य अक्षरात पडलेलं होतं. एका माणसाचं बेपत्ता असणं आणि सज्जन असणं, दोन्ही मीच कागदावर उतरवून द्यायचं अशी नियतीची अपेक्षा दिसली.

अशा वेळी काय करायचं हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नसतं. दातारांचा अर्ज माझ्यावर विश्वासून दिलेला होता, तो मी हिला दाखवू शकत नव्हते. पण हा माणूस कुठे राहतो हे मला अर्जावरून कळलेलं नव्हतं. ते अख्ख्या फिंतासला माहीत होतं. आणि तो बेपत्ता असल्याची खोटी शपथ माझ्या हाताने हिला घ्यायला लावणं तर शक्यच नव्हतं.

“वैशाली,” मी म्हटलं, “हे प्रतिज्ञापत्र मी करणार नाही. तुझा नवरा बेपत्ता नाही. तो माझ्या घरापासून दोन इमारतींवर राहतो.”

मला वाटलं ती रडेल, निदान उठून उभी राहील. ती बसूनच राहिली. तिने विचारलं, “गातात का अजून?”

“गातात.”

“त्यावरच भाळले होते मी,” ती म्हणाली. “घरच्यांशी भांडून लग्न केलं.”

तिच्याच सांगण्यावरून मी दातारांना बोलावलं. समोर वैशालीला पाहिल्यावर त्यांनी जे केलं त्याची मला अजून मौज वाटते. आधी झब्ब्याची बाही नीट केली, मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी तयारीने आलो असतो.”

“कसली तयारी?” वैशालीने विचारलं.

“तू इथे कशी?”

“नोकरीला आलेय. मुलीची फी भरायची असते.”

दातारांनी खुर्ची ओढली आणि वकिलासारखे बोलू लागले. आदेश एकतर्फी होता. नोटीस हातात पडली नव्हती. अपील करायचा विचार होता. आता पैसे भरले तर चूक कबूल केल्यासारखं होईल. आणि मुळात हा कौटुंबिक मामला, त्याचा सनदेशी काय संबंध?

“ऐका,” मी म्हटलं. “पोटगी थकवली एवढ्याने सनद नाकारता येत नाही. तो काही नैतिक अधःपाताचा गुन्हा मानलेला नाही. तिथपर्यंत तुम्ही सुरक्षित आहात, अभिनंदन. पण अर्जात विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही ‘नाही’ लिहिलंत. खोटं सांगून घेतलेली सनद पुढे कधीही काढून घेता येते. कायद्याला मुलीचे पैसे बुडवलेले एक वेळ चालतात, ते लपवलेले चालत नाहीत. तेव्हा अर्जात खरं लिहा, थकबाकी भरायला लागा, आणि पासपोर्टवर सही करा. मग मी दाखला देते.”

“आणि नाही केलं तर?”

“तर दाखला दुसऱ्या कुणाचा घ्या.”

त्यांनी घेतला. मुंबईच्या एका वयोवृद्ध वकिलांनी, ज्यांची न् दातारांची भेट झाली होती की नाही याची मला शंका आहे, टपालाने दाखला पाठवला. पासपोर्टच्या अर्जावर मात्र दातारांनी सही केली नाही. “मुलीला या वाळवंटात आणायला माझा बाप म्हणून विरोध आहे,” असं त्यांनी वैशालीला कळवलं. बाप म्हणून त्यांनी बजावलेलं ते पहिलं कर्तव्य. वैशाली कोर्टाकडून परवानगी काढायच्या मागे लागली. तिचा भाऊ नाशिकच्या कोर्टात खेपा घालत होता, तेवढ्यात ऑगस्ट उजाडला.

ऑगस्टमधल्या एका सकाळी उठलो तर इराकी रणगाडे रस्त्यावर होते. उस्ताद सहकुटुंब युरोपात सुट्टीवर होते, ते तिथेच राहिले. ऑफिस कुणीतरी फोडलं. टाइपरायटर नेले, कायद्याची पुस्तकं ठेवली. चोरांनाही किंमत कळते. माझा नवरा प्रकाश मीना अब्दुल्ला या बंदरावरच्या रिफायनरीत होता, त्याची ड्यूटी एकाएकी संपली. पगार, बँक, फोन, सगळंच संपलं.

इथे दातारांबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या दिवसांत हा माणूस रांगांत उभा राहून पाच-पाच घरांसाठी खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणायचा. पाण्याचे कॅन चौथ्या मजल्यावर चढवायचा. चौकीवरच्या सैनिकांशी मोडक्या अरबीत बोलून आमच्या माणसांची वाट मोकळी करायचा. दुसऱ्यांच्या मुलांसाठी त्याने दुधाची पावडर कुठून मिळवली हे त्यालाच ठाऊक. मी ते पाहत होते आणि माझा राग धड टिकत नव्हता, हे मला फार गैरसोयीचं झालं.

वैशाली हॉस्पिटलातच राहत होती. निम्मा स्टाफ निघून गेला होता. सप्टेंबरात तिचा वॉर्ड बंद झाला आणि ती पिशवी घेऊन आमच्याकडे आली. तोवर आपल्या लोकांनी बसगाड्या ठरवायला सुरुवात केली होती. बसरा, बगदाद करत अम्मानला जायचं, तिथून विमानाने मुंबई. आमच्या वस्तीची व्यवस्था कुरियनसाहेब नावाचे एक मल्याळी गृहस्थ पाहत. त्यांचा नियम सरळ होता: आधी कुटुंबं, मग एकटे पुरुष. एकट्यांना किती थांबावं लागेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

त्या संध्याकाळी आमच्या दारावर दातार. “वहिनी, वैशाली आहे ना इथे?”

वैशाली स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“मी काय म्हणतो,” दातार म्हणाले, “आपण कायद्याने अजून नवरा-बायको आहोत.”

प्रकाशला खोकला आला. तो गॅलरीत जाऊन खोकून आला.

“कुरियनना मी सांगितलं,” दातार पुढे म्हणाले. “ते म्हणतात लेखी द्या, आणि बायकोने समोर येऊन हो म्हणायला हवं.”

मग त्यांनी माझ्याच टेबलावर बसून लेखी दिलं. मी एक शब्दही सुचवला नाही. वैशाली माझी कायदेशीर पत्नी आहे. नाशिक येथे शिकणारी अल्पवयीन कन्या मंजिरी हिचा मी पिता व एकमेव पालनकर्ता आहे. तिच्या पोटगीची व संगोपनाची जबाबदारी न्यायालयाच्या आदेशाने माझ्यावर असल्याने मला तातडीने मायदेशी पोहोचणं आवश्यक आहे. खाली सही, त्यापुढे एलएल. बी. इतकं चोख इंग्रजी मला त्या ऑफिसात कधी दुरुस्तीला मिळालं नव्हतं.

वैशालीने ते वाचलं. मी तिला आत नेलं. “तू नाही म्हणालीस तरी कुणी तुला बोल लावणार नाही,” मी म्हटलं.

“माहितीये,” ती म्हणाली. “पण उद्या मंजिरी विचारेल, बाबांना लढाईत सोडून आलीस का? तिला काय सांगू?” बाहेर येऊन ती दातारांना म्हणाली, “चला कुरियनसाहेबांकडे. मी हो म्हणते. पण त्यांचं दाखवून झालं की हे पत्र माझ्याकडे राहील.”

घाईत माणूस कशालाही हो म्हणतो. दातारही म्हणाले.

तो प्रवास मी कधी नीट सांगू शकलेले नाही. वाळूतले तंबू, पाण्यासाठी रेटारेटी, उन्हाने फुटलेले ओठ. वैशाली सगळ्या तंबूभर फिरून मुलांना मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. दातार तिच्यामागे भांडं धरून चालत आणि लोकांना “माझी मिसेस नर्स आहे” असं अभिमानाने सांगत. एका बाईने विचारलं, मुलं नाहीत का तुम्हाला?

“एक मुलगी आहे. देवाची कृपा, ती भारतात आहे,” दातार म्हणाले. “हिला तिला इथे आणायचं होतं. मी सही दिली नाही म्हणून पोर वाचली.”

वैशालीच्या हातातला चमचा थांबला. मला वाटलं आता ती बोलणार. पण समोरचं पोर पाण्यासाठी तोंड उघडून बसलं होतं. तिने त्याला पाजलं आणि पुढच्याकडे गेली. मला आजही सलतं ते हेच, की त्या वाक्यात खोट काढता येत नव्हती. मंजिरी जूनमध्ये आली असती तर त्या तंबूतच असती.

मुंबईच्या विमानतळावर दातार “टॅक्सी बघतो” म्हणून गेले. टॅक्सी अर्थातच मिळाली असावी. वैशालीने थोडा वेळ वाट पाहिली, मग आमच्याबरोबर नाशिकला आली.

पुढचं थोडक्यात सांगते. दातारांनी सनदेचा अर्ज केला आणि त्या रकान्यात पुन्हा ‘नाही’ लिहिलं. सुवाच्य अक्षर काही माणसांना नडतं. वैशालीने कोर्टाच्या आदेशाच्या नकलेबरोबर हरकत पाठवली आणि एक्याण्णवच्या सुरुवातीला आम्ही दोघी मुंबईला सुनावणीला गेलो. परिषदेच्या समितीवर तीन ज्येष्ठ वकील होते. दातार म्हणाले, असा काही आदेश आहे याची मला कल्पनाच नव्हती. वैशालीने कुवेतचं पत्र पुढे केलं. मधल्या वकिलांनी ते सावकाश वाचलं, चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

“मिस्टर दातार, हे हस्ताक्षर तुमचं?”

“हो, पण ती परिस्थिती वेगळी होती.”

“म्हणजे बसमध्ये बसताना तुम्हाला आदेश माहीत होता, आणि सनद घेताना माहीत नाही?”

दातारांनी बाही नीट केली. समितीने अर्ज फेटाळला नाही, राखून ठेवला. खुलासा द्या, खरी माहिती भरा, कोर्टाचा आदेश पाळताय हे दाखवा, मग पाहू. जे काम नाशिकच्या कोर्टाच्या नोटिशींना जमलं नव्हतं, ते काळ्या कोटाच्या ओढीने केलं. दातारांनी कर्ज घेतलं की गाडी विकली, ते मला माहीत नाही, पण त्यांनी थकबाकी कोर्टात भरली आणि पासपोर्टच्या अर्जावर सही केली. त्याच पावसाळ्यात त्यांना सनद मिळाली. आमच्या व्यवसायाची दारं काही इतकी अरुंद नाहीत. पुढे कळलं की ते कौटुंबिक दावे घेतात, नवऱ्यांच्या बाजूने. अनुभवाचा फायदा अशिलाला द्यावाच लागतो.

प्रकाशला रिफायनरीच्या दुरुस्तीसाठी बोलावणं आलं आणि शरद ऋतूत मीही कुवेतला परतले. तेलाच्या विहिरी पेटलेल्या होत्या. दुपारी दिवे लावावे लागत आणि दोरीवरचे कपडे काळे निघत. वैशालीलाही हॉस्पिटलाने परत बोलावलं. वर्ष सरता सरता विहिरी विझल्या, आणि मग ती मंजिरीला घेऊन आली. दोन वेण्या, ठेंगणी, आल्या आल्या घरभर हिंडून कुठली खिडकी समुद्राकडे उघडते ते पाहून आलेली. वैशालीची ड्यूटी असली की ती आमच्याकडे असायची.

अशाच एका संध्याकाळी फोन वाजला. मुंबईहून दातार. आवाज तसाच गोड.

“वहिनी, ओळखलंत का? एक काम होतं. माझा एक अशील आहे, त्याची बायको कुवेतला नोकरी करते. तिचा पगार किती, ते तिथे कुणाकडून कळेल का? पोटगीच्या दाव्यात फार उपयोग होईल.”

मी म्हटलं, “मी असली कामं करत नाही.” मग मला राहवलं नाही. “दातार, मंजिरी इथेच आहे. माझ्यासमोर बसलीय. देऊ फोन?”



“आत्ता?” ते म्हणाले. “नाही, म्हणजे, परदेशी कॉल आहे ना वहिनी. मीटर पळतंय.”

मी रिसीव्हर मंजिरीच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी कानाला लावला. “हॅलो, कोण बोलतंय?” मग ती ऐकत राहिली. कपाळाला आठी पडली, जशी ओळखीचा धडा विसरल्यावर पडते. “नाही, आई ड्यूटीवर आहे,” ती शहाण्यासारखी म्हणाली. “चौथीत नाही, सहावीत. हो. काही निरोप ठेवू का?”

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला.

“कोण होतं गं?” मी विचारलं.

“नाव नाही सांगितलं,” मंजिरी म्हणाली, आणि ताटातली उरलेली पोळी खायला बसली.